कुऱ्हाडफेंकीचा आखाडा कसा पारखावा

कुऱ्हाड हें नांव काढतांच आपल्या लोकांना लांकूडफोड्या आठवतो, नाहीं तर गोतास काळ झालेला तिचा दांडा आठवतो. परशुरामाची आठवणही कोणाकोणास होईल. कोंकणांतील लोक त्यानें बाण सोडून समुद्र मागें हटविला असें सांगतात. तीच कथा केरळांत सांगतांना त्यानें आपला परशु समुद्रांत फेंकला असें म्हणतात. कुऱ्हाड फेंकण्याची गोष्ट आपल्या कानांवर आली असेल ती बहुधा एवढीच. परंतु हल्लीं कॅनडा व अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें या देशांत कचेरींतील मंडळी, महाविद्यालयांतील विद्यार्थी, वाढदिवसास जमलेलीं सबंध कुटुंबें, पैसे मोजून व वेळ ठरवून दोन घटका कुऱ्हाडी फेंकावयास जातात, हें ऐकून आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल.

नवल वाटून थांबण्यासारखा मात्र हा विषय राहिलेला नाहीं. अनेक मराठी घरांतील काका, मावश्या व थोरलीं भावंडें टोरोंटो व त्याच्या आसपासच्या गांवांत नांदत आहेत. सुटींत त्यांच्याकडे गेलेल्या भाच्यापुतण्यांना एखाद्या शनिवारीं या खेळाचें आमंत्रण येतें, आणि इकडे आईवडिलांपुढें प्रश्न उभा राहतो कीं, होय म्हणावें कीं नाहीं म्हणावें. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेऊं नये, असें बजावणाऱ्या भाषेंत वाढलेल्या आईनें एकदम होय म्हणावें अशी अपेक्षा कोणी करूं नये. तथापि नुसतें नाहीं म्हटल्यानें काम भागतें असेंही नाहीं. नकार मिळालेलें पोर कित्येकदां मित्रांच्या संगतीनें जातेंच, आणि मग जी जागा स्वस्त व जवळ असेल तिच्यांत शिरतें. आमचें मत असें आहे कीं, या खेळांतील धोका कुऱ्हाडींत थोडा व जागेंत फार आहे. नीट चालविलेल्या आखाड्यांत तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याची साठी उलटलेली आजी एकाच दुपारीं सुखानें खेळूं शकतात; हयगयीनें चालविलेल्या आखाड्यांत कसलेल्या पहिलवानाचीही शाश्वती देतां येत नाहीं. म्हणून सहलीसाठीं आखाडा पारखावा कसा, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थोडा इतिहास. फेंकण्याची कुऱ्हाड ही जुनीच वस्तु आहे. इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकांत युरोपांतील फ्रँक लोक लढाईंत असली कुऱ्हाड वापरीत. तिला फ्रान्सिस्का असें नांव होतें. पुढें उत्तर अमेरिकेंतील जंगलांत लांकूडतोडीच्या छावण्या पडल्या, आणि तेथील मजुरांच्या चुरशींतून लांकूडतोड्यांचे सामने निघाले. विस्कॉन्सिन संस्थानांतील हेवर्ड या गांवीं इ. स. १९६० सालीं अशा लोकांचे जागतिक सामने प्रथम भरले. लांकूडतोड्यांच्या फेंकींत दोन्ही अंगांस पातें असलेली मोठी कुऱ्हाड वीस फुटांवरून फेंकतात. लक्ष्य तीन फूट व्यासाचें व त्याच्या मध्यावरचा ठिपका अवघा चार इंचांचा असतो. शहरांत जो खेळ चालतो तो याहून लहान व सोपा आहे, आणि त्याचा जन्मही अगदीं अलीकडचा आहे. टोरोंटो येथें मॅट विल्सन या गृहस्थानें इ. स. २००६ मध्यें आपल्या घरामागील अंगणांत मित्र जमवून फेंकीचे सामने सुरू केले. अंगण अपुरें पडलें तेव्हां खेळ छपराखालीं गेला, आणि दहा-बारा वर्षांच्या आंत तो कॅनडा व अमेरिकेंतील शहरोशहरीं पसरला. नियम घालून देणाऱ्या दोन मोठ्या संस्थाही पाठोपाठ निघाल्या. इ. स. २०१६ मध्यें निघालेली नॅशनल अ‍ॅक्स थ्रोइंग फेडरेशन ही पुढें इंटरनॅशनल या नांवानें ओळखली जाऊं लागली. आणि वर्ल्ड अ‍ॅक्स थ्रोइंग लीग ही इ. स. २०१७ मध्यें स्थापन झाली.

अंगणांतील या जन्माची आठवण एवढ्यासाठीं करून दिली कीं, ज्याच्यापाशीं एक गुदाम, कांहीं फळ्या व डझनभर कुऱ्हाडी आहेत तो आपला आखाडा उघडूं शकतो असा या खेळाचा स्वभाव आहे. त्यामुळें आखाड्या-आखाड्यांत जमीन-अस्मानाचें अंतर पडतें. कोणी वरील संस्थांचे नियम अक्षरशः पाळतो, तर कोणी भिंतीवर रंगीत चित्रें काढून त्यांनाच नियमांच्या जागीं बसवितो.

जागा पारखावयाची तर कुऱ्हाड हवेंत काय करते हें आधीं समजलें पाहिजे. आखाड्यांतील हातकुऱ्हाड लहान असते. तिचें डोकें सुमारें दीड पौंडाचें, दांडा बहुधा लांकडी, आणि एकंदर लांबी साधारण आपल्या कोपरापासून बोटांच्या टोंकापर्यंत भरेल इतपत. फेंकणारा लक्ष्यापासून सुमारें बारा फुटांवर उभा राहतो. फुटबॉलच्या खेळांत चेंडू मैदानाबाहेर गेला म्हणजे खेळाडू तो दोन्ही हातांनीं डोक्यावरून आंत टाकतो. तशाच रीतीनें दोन्ही हातांत धरलेली कुऱ्हाड डोक्यामागें न्यावयाची, पुढें आणावयाची, आणि हात डोळ्यांसमोर आले म्हणजे सोडून द्यावयाची. मनगटाला झटका द्यावयाचा नाहीं. सुटलेली कुऱ्हाड डोक्याकडून पुढें व खालीं अशी गरकन् फिरते, आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास, त्या बारा फुटांच्या वाटेंत एक पुरा फेरा घेऊन पुन्हां उभी होते. नेमकी त्याच वेळीं फळी समोर आली तर पातें आंत शिरतें. फेरा अपुरा राहिला तर दांड्याचें टोंक आधीं फळीस लागतें. फेरा जास्त झाला तर डोक्याची वरची बाजू आदळते. दोन्ही प्रसंगीं कुऱ्हाड रुतत नाहीं. ती खालीं पडते, आणि कधीं कधीं मागें उसळून येते.

फेरा अपुरा पडत असेल तर अर्धें पाऊल मागें सरावें, जास्त होत असेल तर अर्धें पाऊल पुढें यावें, इतकाच त्यावर उपाय आहे. नवशिका मात्र तसें करीत नाहीं. तो जोर वाढवितो. जोर वाढला कीं फेराही बदलतो, कुऱ्हाड अधिक वेगानें आदळते व अधिक वेगानें परत येते. या खेळांत दंडाच्या बळापेक्षां सुटण्याच्या क्षणाचें महत्त्व अधिक असल्यामुळें, तालमींत जाणारा थोरला भाऊ हात हालवीत बसतो आणि त्याची धाकटी बहीण एकामागून एक कुऱ्हाडी रुतवीत जाते, असा प्रकार नेहमीं घडतो. (घरांतील बहिणींना आम्हीं हें मुद्दाम सांगत आहों.) यावरून पहिली पारख निघते. जमिनीवर उभें राहण्यास मागेंपुढें सरकण्याइतकी मोकळी जागा आहे काय, हें पाहावें. माणसें उंच-ठेंगणीं असतात, हात लांब-आंखूड असतात. सर्वांना एकाच ठशावर पाय ठेवण्यास लावणाऱ्या आखाड्यांत निम्म्या लोकांची कुऱ्हाड दिवसभर उसळतच राहणार.

दुसरी पारख लांकडाची. आणि आमच्या मतें सर्वांत मोठी पारख हीच होय. लोक आंत गेल्याबरोबर कुऱ्हाडींकडे धांवतात; शहाण्यानें आधीं फळ्यांकडे जावें. चुलीसाठीं सरपण फोडणाऱ्या कोणासही ठाऊक आहे कीं, लांकडाच्या रेषांच्या दिशेनें घाव घातला तर ओंडका दुभंगतो, आणि आडवा घातला तर नुसती ढलपी उडते. आखाड्यांतील फळ्या उभ्या लावलेल्या असतात त्या याच कारणासाठीं. पातें उभें येतें, फळीच्या रेषाही उभ्याच असतात; त्या दोन बाजूंस सारून पातें आंत घुसतें आणि लांकूड त्यास चिमट्यासारखें धरून ठेवतें. यासाठीं लांकूड नरम असावें लागतें. तिकडे पाइन, पॉपलर अशा झाडांच्या फळ्या वापरतात. आपल्या बाभळीची फळी लावली तर पांचांतील चार कुऱ्हाडी मालकाकडे परत येतील.

नरम लांकूडही नरम राहील असें नाहीं. कॅनडांत हिवाळ्यांत इमारती आंतून तापवितात. त्या कोरड्या उबेंत फळ्या सुकतात व कठीण होतात. म्हणून दक्ष मालक फळ्यांवर वरचेवर पाणी मारतात. ओली फळी दिसली म्हणजे ती गैरव्यवस्थेची खूण समजूं नये. उलट, वाळून करकरीत झालेली, आरपार भेगा पडलेली फळी दिसली तर सावध व्हावें. त्यांतही मधल्या फळीकडे विशेष लक्ष द्यावें. सर्वांचा नेम तिच्यावर, त्यामुळें ती सर्वांआधीं झिजते. शेंकडों घाव बसून जिचा भुगा झाला आहे अशा फळींत पातें शिरतें खरें, परंतु त्यास धरून ठेवण्यास तेथें लांकूडच उरलेलें नसतें. चांगल्या आखाड्यांत ही मधली फळी सुटी काढून बदलतां येईल अशी बसविलेली असते, आणि स्क्रू लक्ष्याच्या मध्यापासून दूर ठेवलेले असतात. कारण लोखंडावर लोखंड आदळलें तर पात्याचा टवका उडेल किंवा कुऱ्हाड भलतीकडेच जाईल. कोपऱ्यांत कोऱ्या फळ्यांची थप्पी लागलेली असेल तर तें शुभचिन्ह समजावें. मालकास सरळ विचारावें कीं, या खणांतील फळ्या शेवटीं केव्हां बदलल्या? जो वार सांगतो त्याच्याकडे पैसे द्यावे. जो हंसून विषय बदलतो त्याला नमस्कार करून बाहेर पडावें.

धारेविषयीं लोकांत एक विलक्षण समजूत आहे. बोथट कुऱ्हाड मुलांना बरी, असें पुष्कळ आया म्हणतात. स्वयंपाकघरांतील विळीविषयीं हें म्हणणें क्षणभर खरें मानलें तरी येथें तें खोटें ठरतें. बोथट पातें फळींत शिरत नाहीं, आणि जी कुऱ्हाड शिरत नाहीं तीच परत येते. म्हणून कुऱ्हाडीस धार असावी, पात्यास दांते पडलेले नसावे, दांड्यास तडा नसावा, आणि डोकें दांड्यावर डुगडुगत नसावें. आखाड्यांतील मनुष्य सकाळीं प्रत्येक कुऱ्हाड हातांत घेऊन पाहतो कीं नाहीं, हें विचारण्यास संकोच बाळगूं नये.

आतां उसळून येणाऱ्या कुऱ्हाडीची सोय. ती फळीवरून थेट येते त्याहून अधिक वेळां जमिनीवर आपटून येते. उघडी सिमेंटची जमीन असेल तर ती चांगलीच टणकते. म्हणून लक्ष्याच्या पायथ्याशीं रबराची जाड चटई असली पाहिजे. शेजारच्या खणांतील कुऱ्हाड आपल्या खणांत येऊं नये यासाठीं मध्यें भक्कम लांकडी भिंत किंवा तारेची जाळी असली पाहिजे, आणि ती फेंकणाऱ्याच्या पाठीमागेंपर्यंत पोंचली पाहिजे. नुसत्या लक्ष्याजवळ कांहीं हात जाळी लावून भागत नाहीं. बघ्यांनीं कोठें उभें राहावें याचीही स्पष्ट रेघ मागें आंखलेली असावी. बसण्याचीं बाकें व खाण्याचें मेज या रेघेच्या पलीकडे असावें. ज्या जागीं वाढदिवसाचा केक फेंकणाऱ्याच्या कोपराशीं मांडलेला दिसतो, तेथें मालकाला जागेची टंचाई आहे असें समजावें, आणि ती टंचाई तो आपल्या मुलांच्या जिवावर भागवीत आहे असेंही समजावें.

बहुधा एका खणांत शेजारीं शेजारीं दोन लक्ष्यें असतात. दोघे एकाच वेळीं फेंकतात आणि दोघे एकाच वेळीं कुऱ्हाडी आणावयास जातात. एकाची रुतली व दुसऱ्याची हातांत आहे, अशा वेळीं कोणीही पुढें पाऊल टाकूं नये, हा या खेळाचा प्राण आहे. कुऱ्हाड एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत द्यावयाची नाहीं. ती लांकडाच्या ठोकळ्यावर किंवा ठरलेल्या जागीं ठेवावयाची व दुसऱ्यानें तेथून उचलावयाची. कारण उघड आहे. घेणाऱ्यानें पुरती धरण्यापूर्वींच देणारा सोडतो, आणि खालीं दोघांचींही पावलें असतात. याच कारणानें उघड्या बोटांच्या चपला घालून आलेल्यास चांगल्या आखाड्यांत फेंकूं देत नाहींत. सहलीच्या आदल्या दिवशीं सर्वांना बूट घालून येण्याची आठवण करावी. नाहीं तर एखादी मावशी सुंदर चपला घालून येते आणि दोन तास बाकावर बसून राहते.

हे नियम भिंतीवर लिहिलेले सर्वत्र आढळतात. ते पाळून घेणारा मनुष्य आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न. या मनुष्यास तिकडे कोच म्हणतात. आम्ही त्याला आपल्या तालमींतला वस्ताद म्हणूं. आरक्षण करण्यापूर्वीं शक्य तर स्वतः जाऊन एखाद्या गर्दीच्या वेळीं पांच-दहा मिनिटें मागें उभें राहावें आणि वस्तादावर नजर ठेवावी. तो एका वेळीं किती खण सांभाळतो? नवीन मंडळी आलीं म्हणजे स्वतः फेंकून दाखवितो, कीं हातांत कुऱ्हाडी देऊन निघून जातो? कोणी गडी गंमत म्हणून पाठमोरा उभा राहून फेंकूं लागला, किंवा छायाचित्र काढून घेण्यासाठीं रेघेपुढें जाऊन उभा राहिला, तर वस्ताद काय करतो? जो तत्काळ हांक मारून सगळा खण थांबवितो, व मोठ्या गिऱ्हाइकाची भीड धरीत नाहीं, त्याच्या हवालीं आपलें मूल करण्यास हरकत नाहीं. आणखी एक गोष्ट कानांनीं पारखावी. कित्येक आखाड्यांत वाद्यांचा असा कल्लोळ चालतो कीं, शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येत नाहीं. तरुणांना तें आवडतें, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु ज्या जागीं ‘थांबा’ हा शब्द बारा फुटांवर पोंचत नाहीं, ती जागा कुऱ्हाडींसाठीं नव्हे.

मद्याविषयीं थोडक्यांत सांगतों. तिकडच्या पुष्कळ आखाड्यांत बियर व वाइन मिळते, आणि जबाबदार मालक ती बेतानें देतात, झिंगलेल्याच्या हातीं कुऱ्हाड देत नाहींत, हें खरें आहे. तरीही ज्या सहलींत शाळकरी मुलें आहेत त्या सहलीसाठीं जेथें मद्य विकलें जात नाहीं अशी जागा शोधावी. ती न मिळाल्यास सकाळची किंवा दुपारची वेळ मागावी. शुक्रवारची व शनिवारची रात्र तर सर्वथा टाळावी. आपल्या मंडळींत कोणी पीत नसलें तरी शेजारच्या खणांत कोण आहे हें आपल्या हातांत नसतें.

मंडळी किती व खण किती, याचा हिशेब करण्यास बहुतेक पुढारी विसरतात, आणि सहल फसते ती येथें. समजा, सोळा जण आहेत आणि दोन खण घेतले. प्रत्येक खणांत आठ जण, म्हणजे चार जोड्या झाल्या. एका जोडीनें प्रत्येकीं दहा फेंकी करावयाच्या, त्यास कुऱ्हाडी आणण्यासह सहा मिनिटें धरूं. चार जोड्यांना चोवीस मिनिटें लागलीं. दोन तासांतून शिकविण्याचीं चोवीस मिनिटें वजा केलीं तर शहाण्णव मिनिटें उरतात, आणि तेवढ्यांत चार पाळ्या होऊन प्रत्येकास चाळीस फेंकी मिळतात. आतां पैसे वांचविण्यासाठीं एकच खण घेतला तर आठ जोड्या होतात, एक पाळी अठ्ठेचाळीस मिनिटांची होते, आणि प्रत्येकाच्या वांट्यास वीस फेंकी येतात. बाकीचा सारा वेळ वाट पाहण्यांत जातो. पहिल्या दहा फेंकी शिकण्यांतच जातात हें लक्षांत घेतलें म्हणजे दुसऱ्या मंडळीचें किती नुकसान झालें तें दिसेल. शिवाय कंटाळलेलीं मुलें स्वस्थ बसत नाहींत. तीं रेघेच्या पुढें सरकूं लागतात. एकूण, खण कमी करून केलेली काटकसर आम्हांस पसंत नाहीं. मंडळी कमी करावी, किंवा वेळ वाढवावी. जे नुसते पाहावयास येणार त्यांचेही पैसे पडतात काय, हें मात्र आधींच विचारून घ्यावें. आजोबा-आजींची संख्या मोठी असेल तर ही रक्कम लहान नसते.

वयाची अट प्रत्येक आखाड्याची निराळी असते. कोठें लहान मुलांना आईबापांसमक्ष खेळूं देतात, कोठें मोठ्या मुलांवांचून कोणास आंतही घेत नाहींत. फोन करून विचारावें, व उत्तर लेखी मागावें. दारांतून परत फिरलेल्या मुलाच्या डोळ्यांतलें पाणी कोणत्याही खाऊनें थांबत नाहीं. आंत जाण्यापूर्वीं प्रत्येकास एका कागदावर सही करावी लागते. इजा झाल्यास आखाड्याकडे दाद मागणार नाहीं, अशा आशयाचा तो कागद असतो. अल्पवयी मुलासाठीं त्याच्या पालकानें सही करावयाची असते. येथें आम्हांस मुलांना पाहुणचारास बोलावणाऱ्या काकाकाकूंना दोन शब्द सांगावयाचे आहेत. भाच्याच्या आईनें ‘तुम्ही आहांत ना, मग झालें’ असें फोनवर म्हटलें, एवढ्यानें तुम्हांस सहीचा अधिकार येत नाहीं. तो कागद आधीं मागवून घ्यावा, मुलाच्या आईबापांस वाचावयास पाठवावा, व त्यांची संमति त्यांच्याच हस्ताक्षरांत आणवावी. याला कोणी फाजील शिष्टाचार म्हणतील. परंतु दुसऱ्याच्या मुलाच्या बोटांविषयीं आपण शब्द देत आहों, आणि तो शब्द देण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच ठेवणें हें नात्याला धरूनच आहे. सही झाली म्हणून जागा सुरक्षित झाली, असेंही मानूं नये. कागद मालकाचें रक्षण करतो. मुलाचें रक्षण फळी, जाळी व वस्ताद हींच करतात.

मंडळींत एक-दोघे तरी भित्रे असतातच. त्यांना हंसूं नये, आणि ‘एकदां तरी फेंक’ असा आग्रहही करूं नये. भीत भीत सोडलेली कुऱ्हाड अर्ध्या हातानें सुटते व कोठेंही जाते. चांगला वस्ताद अशांना बाजूच्या खणांत नेऊन, रेघेच्या थोडें पुढें उभें करून शिकवितो. ज्यांचा खांदा किंवा पाठ दुखते त्यांनीं डोक्यावरून फेंकण्याच्या भानगडींत पडूं नये. गुण लिहिण्याचें काम त्यांच्याकडे द्यावें. तें काम दिसतें तितकें सोपें नाहीं, कारण गुण देण्याच्या रीतीही दोन आहेत. फेडरेशनच्या रीतींत मध्यास पांच गुण, त्याबाहेरच्या कड्यांस तीन व एक असे असतात, आणि वरच्या अंगास असलेला लहान ठिपका आधीं पुकारून शेवटच्या फेंकीस टिपला तर सात गुण मिळतात. लीगच्या रीतींत मध्यास सहा गुण असतात. कोणती रीत चालणार हें आरंभीं ठरवून घेतलें नाहीं तर दोन चुलतभाऊ घरीं परततांना गाडींत भांडत येतात.

जागेचा पत्ताही नकाशावर पाहून ठेवावा. बरेचसे आखाडे शहराच्या कडेस, जुन्या गुदामांच्या व कारखान्यांच्या वस्तींत असतात. तेथें सुटीच्या दिवशीं बसगाड्या विरळ धांवतात, आणि आजूबाजूस चहाचें दुकानही सांपडत नाहीं. मोठ्या गुदामांत ऊब पुरत नाहीं, म्हणून हिवाळ्यांत अंगांत एकावर एक दोन-तीन पातळ कपडे असावे; जाड ओव्हरकोट अंगावर ठेवून हात डोक्यामागें जात नाहीं. डिसेंबरांत टोरोंटोस सायंकाळीं पांच वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. मुलें बरोबर असतील तर दुपारीं एकची वेळ मागून घ्यावी, म्हणजे उजेड आहे तोंच तीं घरीं पोंचतात, आणि इकडे त्या वेळीं रात्र बरीच झाली असली तरी जागत बसलेल्या आईला तीं सुखरूप आल्याचा निरोप मिळतो.